'विअर्ड' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ 'नियती' होता का?

पाऊलवाट

नमस्कार. आमच्या वाचनमंडळात सध्या 'मॅक्बेथ'चे सामूहिक वाचन चालू आहे आणि त्यातल्या काही प्रवेशांचा मराठी तर्जुमा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नाटकातल्या त्या तीन चेटकिणींना संवादांमध्ये 'विअर्ड सिस्टर्स' असे म्हटले आहे. मी पहिल्या खर्ड्यात 'विचित्र बहिणी' असे लिहिले, कारण आज आपण हा शब्द त्याच अर्थाने ऐकतो आणि वापरतो. मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मात्र मला थांबवले. त्यांचे म्हणणे असे की शेक्सपिअरच्या काळी या शब्दाचा 'विचित्र' हा अर्थ रूढच झालेला नव्हता, आणि जुन्या इंग्रजीत तो 'नियती' या अर्थाचे नाम होता. हे ऐकल्यापासून मला माझाच तर्जुमा वाचवेना.

माझे प्रश्न असे. हा शब्द जुन्या इंग्रजीत नेमका कोणत्या अर्थाने येतो? 'नियती'पासून 'विचित्र'पर्यंत तो कसा पोहोचला? तो 'वर्ड', म्हणजे 'शब्द', याच्याशी संबंधित आहे का? लॅटिनमध्ये दैवाला 'उच्चारलेले' म्हणतात असे मी वाचले होते, म्हणून ही शंका आली. आणि शेवटचा प्रश्न माझ्या अडचणीचा आहे: दैव, नशीब, प्रारब्ध, विधिलिखित, भवितव्य यांपैकी कोणता मराठी शब्द त्या जुन्या अर्थाच्या सर्वांत जवळ जातो?

जुनी पोथी

आपल्या मंडळातल्या सदस्यांचे म्हणणे बरोबर आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचे रूप 'व्युर्द' असे होते. त्यातला स्वर मराठीत नाही. जीभ 'ई' म्हणताना असते तशी ठेवून ओठ 'ऊ'सारखे गोल केले की तो निघतो, त्यामुळे माझे लेखन केवळ जवळपासचे समजावे. हे स्त्रीलिंगी नाम होते, आणि आपल्या 'नियती'प्रमाणेच वाक्यात त्याच्यासाठी 'ती' हे सर्वनाम येते.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'बेओवुल्फ' या महाकाव्यात आहे. ३१८२ ओळींच्या या काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, ती इसवी सन १०००च्या आसपासची आहे, आणि १७३१च्या आगीत कडा करपूनही ती वाचली. ४५५व्या ओळीत, राक्षसाशी झुंजायला निघण्यापूर्वी, नायक म्हणतो की व्युर्द नेहमी तिला जायचे असते तशीच जाते. पण याच काव्याच्या ५७२ आणि ५७३ या ओळींत तोच नायक म्हणतो की ज्याची घटिका भरलेली नाही अशा वीराला व्युर्द पुष्कळदा वाचवते, जर त्याचे धैर्य टिकून असेल तर. आपण हा 'जर' लक्षात ठेवावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. व्युर्द म्हणजे माणसाने हातपाय गाळून बसावे असे काही नव्हे. माणसाच्या छातीतल्या बळाला तिच्या हिशेबात जागा आहे. पुढे १०५६व्या ओळीच्या आसपास तर कवी असे सांगतो की सुज्ञ देव आणि त्या माणसाचे धैर्य हे दोन्ही व्युर्दच्या आड आले नसते, तर त्या राक्षसाने आणखी बळी घेतले असते.

दुसरे महत्त्वाचे स्थळ 'द वाँडरर' या ११५ ओळींच्या कवितेत आहे. ही कविता एक्सेटर येथील दहाव्या शतकातल्या संग्रहात आहे, जो बिशप लिओफ्रिकने तिथल्या कथीड्रलला दिला आणि आजही तिथेच आहे. आपला धनी आणि सोबती गमावून थंड समुद्रावर भटकणाऱ्या एकाकी माणसाची ती कैफियत आहे, आणि पाचव्याच ओळीत येते की व्युर्द पुरती ठरलेली असते. याच संग्रहात एका उद्ध्वस्त नगरावरची कविता आहे. ते नगर बहुधा रोमन काळातले बाथ असावे. तिच्या पहिल्याच ओळीत या भिंतीचे दगड किती अद्भुत आहेत असे म्हणून कवी लगेच सांगतो की त्यांना व्युर्दने भंगवले, आणि इथे शब्द अनेकवचनी आहे. एकवचनात जी नियती, तीच अनेकवचनात 'घडामोडी', 'काळाचे फेरे' होते. साध्या 'घटना' या अर्थानेही हा शब्द जुन्या इंग्रजीत भरपूर येतो.

लॅटिन शब्दांचे अर्थ देणाऱ्या त्या काळच्या शब्दसंग्रहांत रोमन लोकांच्या तीन दैवदेवतांना, म्हणजे माणसाच्या आयुष्याचा धागा कातणाऱ्या पार्कांना, याच शब्दाचे अनेकवचन दिले आहे. आपल्या तीन बहिणींचे बी इथे आहे.

धातुपाठ

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी फक्त व्युत्पत्तीची बाजू मांडतो, कारण मराठी वाचकाला या शब्दाची खरी ओळख तिथेच पटते.

'वर्ड' म्हणजे 'शब्द' याच्याशी याचा संबंध नाही. तो 'बोलणे' या अर्थाच्या वेगळ्या धातूपासून आला आहे आणि लॅटिन 'वेर्बुम' त्याचा भाऊबंद आहे. आपली शंका मात्र अगदीच निराधार नव्हती, कारण लॅटिन 'फातुम', ज्यावरून इंग्रजीत 'फेट' आला, तो खरोखरच 'बोलणे' या अर्थाच्या धातूपासून आहे: देवाने उच्चारले ते दैव.

'व्युर्द' हे नाम 'वेओर्थन' या क्रियापदापासून आले आहे, आणि त्या क्रियापदाचा अर्थ 'होणे, घडणे' असा होता. जर्मन भाषेतले 'वेर्डन' म्हणजे 'होणे' हे त्याचेच आजचे भावंड आहे. म्हणजे व्युर्द म्हणजे शब्दशः 'जे होते ते'. या क्रियापदाच्या मुळाशी जो आदिम धातू आहे त्याचा अर्थ 'वळणे, फिरणे' असा होता. लॅटिनमधला 'वेर्तेरे' त्याच्यापासून आहे आणि आपला संस्कृत 'वृत्' धातूही त्याच्यापासूनच आहे. वळणे यावरून घडणे हा अर्थ कसा निघाला असेल, हे समजायला मराठी माणसाला कष्ट पडू नयेत. 'प्रकरणाला वेगळेच वळण लागले' असे आपण रोज म्हणतो.

आता वृत् धातूचे कुटुंब पाहा. 'वर्तते' म्हणजे आहे, चालू आहे. 'वर्तमान' म्हणजे जे चालू आहे. 'वृत्त' म्हणजे जे घडले ते, म्हणून बातमी, म्हणून वृत्तपत्र. आणि 'वृत्त' म्हणजे गोलही. 'नियती' आणि 'घटना' हे दोन अर्थ व्युर्दमध्ये एकत्र कसे, असे ज्यांना वाटले असेल त्यांनी 'वृत्त' हा शब्द डोळ्यांपुढे ठेवावा. प्राकृतातून मराठीत आलेली रूपे तर अधिक घरगुती आहेत: 'वर्त्म' वरून आपली वाट, 'वर्ति' वरून समईतली वात, आणि 'वर्तुल' वरून वाटोळे. एखाद्याचे 'वाटोळे झाले' असे आपण म्हणतो तेव्हा गोल या अर्थाचा शब्द सर्वनाशाच्या अर्थापर्यंत गेलेला असतो. एक्सेटरच्या कवितेत व्युर्दने त्या नगराचे वाटोळे केले, असे मराठीत लिहिले तर कर्ता आणि कर्म दोन्ही एकाच घराण्यातले ठरतील. हा योगायोग आहे हे मला ठाऊक आहे, पण असा योगायोग दिसला की मला फार आनंद होतो.

एक गोष्ट थोडी शास्त्रीय आहे, तरी ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या कुळात, मूळ 'त'चा 'थ' होतो, जसे 'त्रि'चे 'थ्री'. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ साली हे बदल नियमबद्ध केले. त्याप्रमाणे 'वेओर्थन' मध्ये 'थ' आहे हे ठीक. पण 'व्युर्द' मध्ये 'द' का? त्याच क्रियापदाच्या भूतकाळी एकवचनात 'थ' आणि अनेकवचनात 'द' का? हे कोडे डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नरने सोडवले आणि त्याचा लेख १८७७ साली प्रसिद्ध झाला. त्याने दाखवले की आघात व्यंजनाच्या लगेच आधीच्या स्वरावर असेल तर 'थ' टिकतो, एरवी त्याचा घोष वर्ण होतो. आता गंमत अशी की जर्मनिक भाषांनी तो मूळचा आघात केव्हाच गमावला होता. त्याचा पुरावा मिळाला तो वैदिक संस्कृतात, जिथे हे आघात जपून ठेवले होते: 'वर्तते' आणि 'ववर्त' यांत आघात धातूवर आहे, तर 'ववृतिम' मध्ये तो शेवटच्या प्रत्ययावर जातो. इंग्रजीतल्या एका 'द'चे कारण ऋग्वेद पाठ करणाऱ्यांच्या उच्चारात सुरक्षित राहिले, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा मलाच प्रत्येक वेळी भरून येते.

पाऊलवाट

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनःपूर्वक आभार. 'वेओर्थन' हे क्रियापद आजच्या इंग्रजीत कुठेच उरलेले नाही का? आणि एक ऐकलेली गोष्ट तपासून घ्यायची आहे: हा शब्द म्हणजे ख्रिस्तपूर्व जर्मनिक धर्मातली एक थोर देवता होती, असे अनेक ठिकाणी ठामपणे लिहिलेले दिसते.

कोरा कागद

दुसऱ्या प्रश्नाबद्दल सावधपणे बोलले पाहिजे. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, पुराणकथांमध्ये विश्ववृक्षाच्या मुळाशी तीन नॉर्न, म्हणजे दैवदेवता, बसतात: ऊर्द, वेर्दांदी आणि स्कुल्द. यातली ऊर्द हा व्युर्दचाच नॉर्स अवतार आहे, आणि वेर्दांदी म्हणजे 'होत असलेली', अगदी आपल्या 'वर्तमान' या शब्दाच्या घडणीची. पण ही नावे ज्या काव्यात येतात ते आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहून ठेवले गेले. इंग्लंडमध्ये व्युर्दचे एखादे मंदिर, मूर्ती किंवा पूजाविधी असल्याचा पुरावा नाही. जुन्या इंग्रजीतले जे साहित्य आपल्यापुढे आहे ते ख्रिस्ती लेखनिकांनी उतरवलेले आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि इंग्रज अभ्यासकांना आपल्या भाषेतला 'मूळ' धर्म शोधण्याची ओढ लागली होती, त्या ओढीतून प्रत्येक व्युर्दमागे एक देवी उभी केली गेली. एरिक स्टॅन्ली या अभ्यासकाने १९६० च्या दशकात या शोधाचीच कठोर तपासणी केली, आणि ती वाचल्यावर ते जुने दावे जसेच्या तसे उचलणे मला तरी योग्य वाटत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे बोएथियसच्या 'तत्त्वज्ञानाचे सांत्वन' या लॅटिन ग्रंथाचे जुन्या इंग्रजीतले रूपांतर, जे ८९९ मध्ये मृत्यू पावलेल्या राजा आल्फ्रेडच्या नावाने ओळखले जाते. त्याने ते स्वतः केले का, याविषयी आज मतभेद आहेत. तिथे 'फातुम'साठी व्युर्द वापरला आहे आणि स्पष्ट म्हटले आहे की काही तत्त्वज्ञ प्रत्येक माणसाच्या सुखदुःखावर व्युर्दची सत्ता मानतात, पण ख्रिस्ती लोक ती सत्ता ईश्वराच्या पूर्वयोजनेची मानतात. व्युर्द म्हणजे त्या योजनेतून रोज प्रत्यक्षात उतरणारे काम. हे समजावण्यासाठी लेखकाने मूळ ग्रंथातल्या एकात एक असलेल्या वर्तुळांच्या जागी गाडीचे चाक घेतले आहे. आस स्थिर असतो, तो ईश्वर. तुंब्याजवळची माणसे श्रेष्ठ, आऱ्यांवरची मधली, आणि धावेपाशी चिखलात आपटत फिरणारी बाकीची. जो आसापासून दूर तो नियतीच्या फेऱ्यात अधिक हेलकावे खातो. 'धातुपाठ' यांनी सांगितलेला 'फिरणे' हा अर्थ त्या लेखकाला ठाऊक असण्याचे कारण नाही, तरी शब्द चाकापर्यंत पोहोचलाच.

धातुपाठ

चाकाचा दाखला मला फार आवडला; आपल्या 'मेघदूता'तल्या 'चक्रनेमिक्रमेण'ची, म्हणजे चाकाच्या धावेसारख्या खाली-वर होणाऱ्या दशेची, आठवण झाली.

क्रियापदाबद्दल: ते जवळजवळ संपले, पण एका शापवजा वाक्यात अडकून राहिले. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये यहेज्केलच्या तिसाव्या अध्यायात 'वो वर्थ द डे' असे येते. तिथला 'वर्थ' म्हणजे 'किंमत' नव्हे, तो हाच 'वेओर्थन': त्या दिवसाला दुःख होवो. मी तर सरळ 'त्या दिवसाचे वाटोळे होवो' असे भाषांतर करीन. शिवाय 'टुवर्ड', 'होमवर्ड' यांतला 'वर्ड' हा दिशादर्शक प्रत्ययही याच 'वळणे' धातूपासून आला आहे.

जुनी पोथी

मूळ प्रश्नातला 'नियती ते विचित्र' हा प्रवास राहून गेला होता, तो सांगतो.

१०६६ नंतर फ्रेंचचे वर्चस्व आल्यावर दक्षिण इंग्लंडमध्ये हा शब्द मागे पडला आणि 'फेट', 'डेस्टिनी', 'फॉर्च्युन' हे पाहुणे घरात बसले. उत्तरेत, विशेषतः स्कॉटलंडमध्ये, तो टिकला. तिथे 'आपला विअर्ड भोगणे', म्हणजे वाट्याला आले ते सोसणे, असा वाक्प्रचार पुढे शतकानुशतके चालला. याच काळात तो नामाच्या जागेवरून हलून विशेषणासारखा 'सिस्टर्स'च्या आधी येऊ लागला. विअर्ड सिस्टर्स म्हणजे नियतीच्या बहिणी, त्याच जुन्या तीन पार्का. १४२० च्या सुमारास अँड्र्यू ऑफ विंटन याने स्कॉट भाषेत पद्य इतिहास रचला, त्यात मॅक्बेथला स्वप्नात तीन स्त्रिया दिसतात आणि त्या विअर्ड सिस्टर्स असाव्यात असे त्याला वाटते. गॅविन डग्लसने १५१३ मध्ये व्हर्जिलचे महाकाव्य स्कॉट भाषेत आणताना पार्कांसाठी हेच शब्द योजले. शेक्सपिअरने ज्याच्या इतिहासावरून कथा घेतली त्या होलिनशेडने तर वाचकासाठी खुलासाच केला आहे की विअर्ड सिस्टर्स म्हणजे, तुम्ही म्हणाल तर, दैवाच्या देवता. खुलासा करावा लागला, यावरूनच लंडनच्या वाचकाला तो शब्द किती अपरिचित झाला होता ते कळते.

तो किती अपरिचित होता याचा दुसरा पुरावा १६२३च्या छापील आवृत्तीत आहे. तिथे हा शब्द सहा वेळा येतो आणि एकदाही आजच्यासारखा लिहिलेला नाही; पहिल्या दोन अंकांत तीनदा 'वेवर्ड' आणि पुढे तीनदा 'वेयर्ड' अशी रूपे आहेत. पहिले रूप 'स्वैर, हट्टी' या अर्थाच्या शब्दासारखे दिसते. १७३३ मध्ये लुईस थिओबाल्ड या संपादकाने होलिनशेडशी ताडून 'विअर्ड' हे रूप संहितेत घातले, आणि तेव्हापासून बहुतेक आवृत्त्यांत तेच चालत आले.

आता अर्थबदल असा झाला की हा शब्द बहुतेकांना केवळ या नाटकातूनच ठाऊक उरला. रंगभूमीवर दिसत होते ते काय? दाढ्या असलेल्या, हवेत विरणाऱ्या, गूढ बोलणाऱ्या तीन स्त्रिया. प्रेक्षकांनी विशेषणाचा अर्थ त्या दृश्यावरून लावला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेली, कीट्स यांच्या पिढीने तो 'अद्भुत, अंगावर काटा आणणारे' या अर्थाने कवितेत मोकळेपणी वापरला, आणि तिथून 'विचित्र' हा उतार फार लांब नव्हता.

त्यामुळे 'विचित्र बहिणी' आपण नक्की बदलावे. 'चेटकिणी'ही मला पटत नाही. रंगसूचनांत त्यांना 'विच' म्हटले आहे हे खरे, पण संवादात त्यांच्यापैकी एकीला तो शब्द एकदाच उद्देशून वापरला जातो, आणि तोही एका खलाशाच्या बायकोने हाकलताना दिलेल्या शिवीसारखा.

कोरा कागद

मराठी शब्दाबद्दल माझे मत देतो. आपले दैववाचक शब्द बहुतेक दोन कल्पनांतून आले आहेत. एक म्हणजे वाटणी: 'भाग्य' हा 'भज्' धातूपासून, 'नशीब' आणि 'किस्मत' हे अरबीतून, आणि तिन्हींत हिस्सा वाट्याला येण्याची कल्पना आहे. दुसरी म्हणजे लेखन: विधिलिखित, ललाटलेख, आणि सहाव्या रात्री बाळाच्या कपाळावर अक्षरे उमटवणारी सटवाई. सटवाईचा मोह मलाही झाला, कारण तीही स्त्री आहे आणि तिचे लिखित टळत नाही; पण ती मायेची, बाळंतिणीच्या खोलीतली देवता आहे, तिला स्कॉटलंडच्या माळावर वादळात उभी करणे मला योग्य वाटत नाही. व्युर्दमध्ये लेखन नाही आणि वाटणीही मुळात नाही. तिथे आहे ते 'होणे'. म्हणून 'भू' धातूपासून आलेला 'भवितव्य' हा शब्द घडणीने सर्वांत जवळचा आहे, आणि बोलीत 'होणार ते होणारच' हे वाक्य बेओवुल्फच्या त्या ओळीचे जवळजवळ अक्षरशः भाषांतर आहे.

पाऊलवाट

मी कालच्या बैठकीत 'नियतीच्या बहिणी' आणि 'भवितव्याच्या बहिणी' ही दोन्ही रूपे मोठ्याने वाचून पाहिली. दुसरे अर्थाने नेमके असले तरी रंगमंचावरच्या लयीत जड जाते, म्हणून पहिले ठेवायचे असे ठरले. आणि मॅक्बेथ स्वतःशी बोलतो तिथे 'होणार ते होणारच' कुठे बसवता येईल ते पाहते आहे. मात्र तिसऱ्या अंकाच्या आरंभी मॅक्बेथचा सहकारी सरदार बँको 'विअर्ड विमेन' म्हणतो, तिथे 'नियतीच्या बायका' केले तर मराठीत त्या नियतीच्या पत्नी वाटतात. 'त्या नियतीच्या बायांनी कबूल केले होते तसेच सारे तुला मिळाले' असे सध्या लिहिले आहे. 'बायां'मुळे बँकोच्या बोलण्यात थोडा तुटकपणा येतो, आणि त्या क्षणी त्याच्या मनात संशय आहे, त्यामुळे तो मला चालेलसा वाटतो. आपले मत कळवावे.

जुनी पोथी

'बाया' राहू द्यावे. इथे बँको त्यांना 'बहिणी' म्हणत नाही याकडे मीही आजवर लक्ष दिले नव्हते.